लिंबावरच्या अळ्या मरतात कशानं? डबा धुण्याआधी मेलेली अळी नीट बघा

दरवर्षी मृगाचे दोन-चार पाऊस पडले, लिंबाला नि कढीपत्त्याला कोवळी पालवी फुटली, की फुलपाखरं निघताना बघायला घरी डब्यात अळ्या पाळणाऱ्यांचे फोटो माझ्या मोबाइलवर यायला लागतात. फोटोत एक काळी, चपटी, ओळखू न येणारी वस्तू. खाली लिहिलेलं, "दादा, सहा आणल्या होत्या, पाच मेल्या. काय चुकलं?" मी विचारतो, मरताना कशी दिसत होती? हिरवं ओकली होती का? काडीला लोंबत होती की खाली पडली होती? एका रात्रीत सगळ्या गेल्या की रोज एकेक? उत्तर ठरलेलं असतं, "बघितलं नाही हो, लगेच डबा धुऊन टाकला."

आता काय सांगणार! अळी कशी मेली हेच ती कशानं मेली याचं उत्तर असतं, आणि ते नळाखाली वाहून गेलेलं असतं. म्हणून पहिलं काम हे: मेलेली अळी कागदावर घ्या, उजेडात धरा, जमलं तर भिंगातून बघा. मग पुढचं वाचा.

मी मुख्यतः लिंबू फुलपाखराबद्दल बोलतोय, कारण खान्देशात नव्वद टक्के लोक त्यापासूनच सुरुवात करतात. काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असलेलं, शेपटी नसलेलं ते फुलपाखरू. कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं अंडं एकेकटं घालतं. तीन-चार दिवसांत अळी निघते, ती दिसायला हुबेहूब पाखराची विष्ठा. चार वेळा कात टाकली की हिरवीगार होते. डिवचलं की डोक्यामागून नारिंगी दुटोकी शिंग बाहेर काढते आणि सडक्या लिंबाचा वास सोडते. अंड्यातून निघाल्यापासून साधारण पंधरवड्यात कोष, आणि उबेच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत फुलपाखरू. हे वेळापत्रक डोक्यात असलं की कुठं गाडी अडली ते कळतं.

एका रात्रीत सगळ्या गेल्या असतील तर तो रोग नाही, ते विष आहे. हे मी स्वतः तीन खेपा मार खाऊन शिकलो.

अमळनेरला आमचं घर जुनं. मागच्या ओसरीत मुंग्या फार झाल्या म्हणून एका भाद्रपदात मी अळ्यांचा खोका मधल्या खोलीत आणला. नऊ मोठ्या हिरव्या अळ्या. रात्री झोपताना खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर लेंड्या पडल्याचा टपटप आवाज येत होता. म्हणजे पोट भरून चाललं होतं. सकाळी बघतो तर सात तळाला. अंग पिळवटलेलं, आकार अर्ध्यावर आलेला, तोंडाशी हिरवं पाणी, आणि एक अजून पाय झटकत होती. मला वाटलं साथ आली. खोका जंतुनाशकानं धुतला, उन्हात दोन दिवस तापवला, नव्या अळ्या आणल्या. चौथ्या दिवशी तोच प्रकार. पुन्हा धुतला. तिसऱ्या खेपेला एक विचित्र गोष्ट लक्षात आली: ज्या दोन रात्री लाइट गेली होती, त्या रात्री एकही अळी मेली नव्हती.

लाइट आणि अळीचा संबंध काय? कपाटामागं हात घातला तेव्हा सापडला. डासांचं ते द्रवाचं यंत्र, बटण चालू. आईला विचारलं तर म्हणाली, "रातले डास चावतस ना रे!" बरोबरच होतं तिचं. डासाला मारणारं औषध अळीला ओळखत नाही, दोघंही कीटकच. त्या वर्षापासून अळ्या असल्या की घरात मच्छरदाणी.

तेव्हा पिळवटलेली, ओकलेली, थरथरणारी अळी दिसली की आधी घर तपासा. डासांची कॉइल, यंत्र, झुरळांचा फवारा, भिंतीवर ओढलेला मुंग्यांचा खडू, कुत्र्याच्या गोचिडांची पावडर. नगरपालिकेची धुराची गाडी येऊन गेली का? संध्याकाळी हातापायाला डासांचं मलम लावून त्याच हातानं पानं बदलली का? शेवटचं कुणालाच आठवत नाही, विचारल्यावर मात्र चेहरा पडतो.

घरात काही नसेल तर पान. आपला हा कपाशीचा मुलूख. मे महिन्यात ठिबकवर लावलेली कपाशी असो की पावसावरची, जुलैपासून मावा-तुडतुड्यांसाठी आणि पुढं बोंडअळीसाठी पंप पाठीवरून उतरत नाही. वाऱ्याची दिशा बदलली की ते औषध बांधावरच्या लिंबावर, बेलावर, रुईवर जाऊन बसतं. शेजारच्या शेतात कधी फवारणी झाली ते न विचारता बांधावरची फांदी तोडून आणणं म्हणजे जुगार. विचारायला गेलं की शेतकरी आधी हसतो, "आम्ही अळ्या मारायला औषध आणतो अन् तुम्ही पाळता?" हसू दे, पण तारीख सांगतो बिचारा.

पान धुतलं की झालं, असं समजू नका. वरवर बसलेलं काही प्रमाणात निघतं. पण इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात असतात, ती धुऊन जात नाहीत. नर्सरीतून आणलेल्या टवटवीत कढीपत्त्याच्या कुंडीत हाच धोका. पानाला एक भोक नाही, कीड नाही, म्हणूनच आपण ती कुंडी उचलतो, आणि पानाला भोक का नाही हा विचार करत नाही. अशा कुंडीतल्या झाडात औषध महिनोन् महिने राहू शकतं. माझी पद्धत अशी: नवी कुंडी आणली की आहे ती पानं छाटून टाकायची, दोनदा नवी पालवी येऊ द्यायची, आणि मग सगळ्या नाही, एकच लहान अळी सोडायची. दोन-तीन दिवस ती नीट खात राहिली तर बाकीच्या. सगळ्यात बिनघोर म्हणजे घरी उगवलेलं रोप. कढीपत्त्याच्या जुन्या झाडाखाली रोपं आपोआप येतात. शेताच्या कडेला बावची असेल तर तिची पानंही ही अळी खाते. लिंबाशी बावचीचं काही नातं नाही, ती शेंगवर्गातली, तरी चालते.

हमखास विचारला जाणारा एक प्रश्न इथंच संपवतो. "बीटी कपाशीमुळं मरतात का?" लिंबू खाणाऱ्या अळीचा त्याच्याशी संबंध नाही. बीटीचं प्रथिन कपाशीच्या झाडात असतं, ते अळीनं खाल्लं तर बाधतं. कपाशीचे परागकण जड आणि चिकट, ते वाऱ्यानं उडून तुमच्या अंगणातल्या लिंबावर येत नाहीत. मात्र बीटी नावाची जैविक भुकटी वेगळी, ती पाण्यात कालवून फवारतात. 'जैविक आहे, काही होत नाही' असं म्हणत परसबागेत ती मारली असेल तर अळ्या मरणारच. ती त्यासाठीच केलेली आहे.

आता दुसरा प्रकार: रोज एकेक. अळी आधी खाणं सोडते. लेंडी घट्ट दाण्यासारखी पडायची ती पातळ, चिकट होते. मग अंग मऊ पडतं, रंग मळका होतो आणि शेवटी मागच्या पायांनी काडीला धरून उलटी लोंबते, दोरीवर टाकलेल्या ओल्या मोज्यासारखी. हात लावला की कातडी फाटते, आत काळं पाणी, घाण वास. हा संसर्ग, जिवाणूंचा किंवा विषाणूंचा. त्या पाण्याचा थेंब पानावर पडला आणि दुसऱ्या अळीनं ते पान खाल्लं की तिचीही पाळी.

याचं मूळ बहुतेकदा डब्यात असतं. श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा, वर घट्ट झाकण, झाकणाला सुईनं पाडलेली चार भोकं, आत ओली पानं आणि दोन दिवसांच्या लेंड्या. श्रावणात असा डबा सकाळी उघडून बघा, झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत असतात. आपल्याला वाटतं हवा खेळतेय. तसं काही नसतं. झाकण काढून टाका, तोंडाला सुती कापड बांधा. तळाला वर्तमानपत्र घालून रोज बदला. पानं धुतलीत तर पुसून पूर्ण कोरडी करून द्या. फांदी ताजी ठेवायला पाण्याच्या बाटलीत खोचत असाल तर बाटलीचं तोंड कापसानं गच्च बंद करा, नाहीतर अळ्या देठावरून खाली उतरून पाण्यात बुडतात. आणि गर्दी नको. एका डब्यात तीन मोठ्या अळ्या पुष्कळ झाल्या. आजारी दिसली ती लगेच वेगळी काढा, पानासकट. डबा साबणानं धुऊन ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवा, मग स्वच्छ पाण्यानं खळबळून कडक उन्हात वाळवा. उन्हाची आपल्याकडं कधी टंचाई नाही, तो एक फायदा.

तिसरा प्रकार मला स्वतःला सगळ्यात आवडतो, जरी त्यात अळी मरतेच. बाहेरून आणलेली मोठी अळी छान खाते, कोष करते, आणि कोषातून फुलपाखराऐवजी भलतंच काही निघतं.

पहिल्यांदा मी हे रुईवर पाहिलं. प्लेन टायगर म्हणतात त्या तांबूस-केशरी फुलपाखराची अळी, पांढऱ्या-पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. तिचा हिरवा कोष झाकणाला टांगलेला होता, लहानशा झुंबरासारखा. पाचव्या दिवशी त्याच्यावर तपकिरी डाग आला. सहाव्या दिवशी कोषातून एक पांढुरका धागा खाली लोंबला, आणि त्या धाग्यावरून तांदळाच्या कणीएवढी पांढरी अळी सरसर उतरली. मागून दुसरी. संध्याकाळपर्यंत त्या कागदाखाली जाऊन लालसर-तपकिरी गोळ्या झाल्या होत्या. बारा-तेरा दिवसांनी त्यातून घरमाशीसारख्या, पण अंगावर राठ केस असलेल्या माश्या निघाल्या. टॅकिनिड माशी. तिची अळी कधीचीच आत बसून जेवत होती.

(रुई तोडताना चीक डोळ्याजवळ जाऊ देऊ नका. मुलांना फांदी तोडू देऊच नका. आणि रुईवरचा तो निळा-पिवळा रंगीत टोळ पकडायला गेलात तर त्याचं पिल्लू पिचकारी मारतं, हे माझ्या शर्टानं अनुभवलं आहे.)

लिंबू फुलपाखराच्या कोषात वेगळीच मंडळी असतात. कोष तपकिरी पडतो, हात लावला तरी हलत नाही, आणि एक दिवस त्याला टाचणीनं टोचल्यासारखं भोक दिसतं. तळाला दोन-तीन मिलिमीटरच्या, चकाकत्या अंगाच्या इवल्या परजीवी गांधीलमाश्या, कधी पन्नासच्या वर. या माश्या अळी कोष करायला बसण्याची वाट बघतात आणि नुकतीच कात टाकलेल्या मऊ कोषात अंडी घालतात. म्हणजे बचावाची वेळ ठरलेली आहे. अळी खाणं सोडून भटकायला लागली की त्या दिवसापासून कोष कडक होईपर्यंत खोका पूर्ण झाकायचा. मच्छरदाणीचं कापड त्याला पुरत नाही, तिच्या भोकातून ही माशी आरामात आत येते. जुनी सुती ओढणी किंवा मलमल घ्या.

अळीच्या अंगावर किंवा शेजारी पांढऱ्या-पिवळ्या साबुदाण्यासारखे कोष चिकटलेले दिसले तर ती आणखी एका परजीवी माशीची करामत. त्या अळीला वाचवता येत नाही. उपाय मुळातच करायचा: मोठ्या अळ्या गोळा करू नका, अंडी किंवा नुकत्या निघालेल्या अळ्या आणा. जितके जास्त दिवस ती बाहेर राहिली, तितक्या माश्यांना ती सापडण्याची शक्यता जास्त. अंड्यालाही शत्रू आहेत, पण निदान पंधरा दिवस पानं पुरवून शेवटी माशीचं बारसं करायची वेळ येत नाही.

या माश्यांचा राग मात्र धरू नका. ट्रायकोकार्ड ऐकलंय ना? बोंडअळीची अंडी मारायला शेतकरी पैसे मोजून पानाखाली टाचतात ते कार्ड. त्यात ट्रायकोग्रामा नावाची इवली परजीवी माशी असते, ती या कोषातल्या गांधीलमाश्यांच्याच भावकीतली. शेतात जिला आपण विकत आणतो, तिला खोक्यात पाहून चपला उगारायचं कारण नाही. मी तर निघालेल्या माश्यांचेही फोटो काढतो आणि सोडून देतो.

यानंतर ते बिचारे जीव, जे मेलेलेच नसतात आणि तरी फेकले जातात.

अळी दिवसभर एकाच जागी गप्प बसली, खात नाही, डोक्यामागचा भाग फुगल्यासारखा दिसतो: ती कात टाकण्याच्या तयारीत आहे. काडीवरून ओढून काढू नका. तिनं पायाखाली रेशमाची गादी विणलेली असते, ती सुटली तर कात अडकून ती खरंच मरते. पूर्ण वाढलेल्या अळीनं अचानक पातळ हगवण केली आणि डबाभर पळत सुटली: रोग नव्हे, कोष करण्याआधी पोट रिकामं करते. इथं फरक कसा ओळखायचा? निरोगी अळी हगल्यावर तुरुतुरु चालते, आजारी अळी मलूल पडून राहते.

कण्हेरीवरची ती दांडगी हिरवी अळी, मानेवर निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेली, तिची तर दरसाल हत्या होते. शेवटच्या दिवसात तिचा हिरवा रंग जाऊन ती तपकिरी, काळपट पडते आणि लोक म्हणतात सडली. सडलेली नसते. ती पतंगाची अळी आहे, हॉकमॉथची. तिला झाडावरून उतरून पालापाचोळ्यात कोष करायचा असतो. डब्यात चार बोटं भुसभुशीत माती आणि वाळकी पानं घाला आणि दोन-तीन आठवडे तिचं नाव काढू नका.

कोषाचंही तसंच. उबेच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत निघणारं फुलपाखरू थंडीत बरेच जास्त दिवस घेतं. धुळ्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा कसा खाली येतो ते तिथल्यांना सांगायला नको. कोष वजनदार आहे, रंग मळलेला नाही, हळूच स्पर्श केल्यावर वळवळतो, तर तो जिवंत आहे. फुलपाखरू निघण्याच्या आदल्या दिवशी कोष काळपट होऊन आतले पंखांचे ठिपके दिसायला लागतात, तोही सडल्याचा काळेपणा नव्हे.

आणि मे महिना. पंचेचाळीसच्या घरातला पारा, कोरडी हवा, फुलपाखरू कोषातून निघतं पण पंख चुरगळलेलेच राहतात. याला दोन कारणं एकत्र येतात. कोरड्या हवेनं कोष आतून सुकतो, आणि निघाल्यावर पायांना धरायला काही नसतं. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत भिंतीवरून ते घसरून पडतं, आणि पंख खाली मोकळे लोंबले नाहीत तर त्यात रस नीट भरत नाही. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ असतो, त्यात चुकलं की जन्मभराचं चुकलं. म्हणून खोक्याला आतून खडबडीत कापड लावा आणि कोषाखाली वीतभर जागा मोकळी ठेवा. कूलरच्या झोतात खोका ठेवणारे बरेच भेटतात. तिथं कोष दिवसभर हिंदकळतो. त्यापेक्षा माठाशेजारचा कोपरा बरा, बाजूला ओलं गोणपाट लटकवा. पाणी थेट कोषावर शिंपडू नका.

कोष निसटून पडला असेल तर कागदाचा छोटा पुडा करा, शेंगदाण्याचा करतात तसा. डोकं वर ठेवून कोष त्यात अलगद बसवा आणि पुडा कापडाला टाचा. रुईवरच्या टांगत्या कोषाच्या देठाला दोरा बांधून परत लटकवता येतं. निघताना फुलपाखरू लालसर-तपकिरी थेंब टाकतं, ते रक्त नाही. पंख वाळायला दोन-तीन तास द्या आणि मगच सोडा.

राहिला प्रश्न कुठून काय आणायचं. यावल किंवा अनेर धरण अभयारण्यातून, पाटणादेवीच्या जंगलातून काहीच नाही. अंडं नाही, मेलेलं फुलपाखरूही नाही. अंगणातलं लिंबू, बांधावरची रुई एवढ्यात वर्ष सहज जातं. एक मात्र सावधपणे बघा. पावसाळ्यात घोळाची भाजी निवडताना तिच्यावर काळी, फांद्याफांद्यांच्या काट्यांची अळी सापडते. डनायड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची. याची मादी प्लेन टायगरची इतकी हुबेहूब नक्कल करते की रुईवरचंच फुलपाखरू समजून लोक धरतात, नर मात्र काळा, पंखांवर जांभळट कडेचे मोठे पांढरे ठिपके. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात हे फुलपाखरू बरीच वर्षं होतं, आणि २०२२ च्या दुरुस्तीत त्या याद्या नव्यानं मांडल्या गेल्या. तेव्हा जुन्या पुस्तकातली यादी बघून ठरवू नका. फोटो काढा आणि ती काडी घोळाच्या वाफ्यातच राहू द्या. भाजीला दुसऱ्या काड्या भरपूर असतात.